लाळेतली प्रथिनं आणि हिरड्यांचा आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरड्यांवर उपचार करणं हे माझं रोजचं काम. त्याला जोडून लाळेचे नमुने गोळा करून त्यातली प्रथिनं मोजण्याचा अभ्यास गेली काही वर्षं चालू आहे. नमुना देणारे लोक खुर्चीत बसल्या बसल्या प्रश्न विचारतात, घरी गेल्यावर फोन करतात आणि मग त्यांची मुलं व्हॉट्सॲपवर तेच विचारतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधून तेवढंच वाचलं तरी चालेल.

१. लाळ म्हणजे पाणीच ना? त्यात प्रथिनं कुठून आली?

साधारण ९९ टक्के पाणीच असतं, हे खरं. उरलेल्या एका टक्क्यात क्षार आणि प्रथिनं असतात, आणि सगळी मजा त्या एका टक्क्यात आहे. कानाजवळच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आणि ओठ, गाल, टाळू यांत विखुरलेल्या शेकडो बारीक ग्रंथी मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोठ्या ग्रंथींतून थेट घेतलेल्या लाळेची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात ११६६ प्रथिनं निघाली. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, ते अमायलेजचं काम. लाळेची तार सुटते ती म्युसिनमुळे. लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन जंतूंना आवर घालतात.

हिरड्यांच्या आजाराची खूण सांगणारी प्रथिनं मात्र मुख्यतः ग्रंथींतून येत नाहीत. ती हिरडीच्या कडेने झिरपून लाळेत मिसळतात. ते कसं, हे प्रश्न ३ मध्ये आहे.

२. माझी थुंकी सरकारी दवाखान्यात तपासली होती, निगेटिव्ह आली. मग पुन्हा कशाला?

ती तपासणी क्षयरोगासाठी होती. आपल्याकडे ‘थुंकी तपासणी’ म्हणतात तेव्हा छातीतून खोकून काढलेला बेडका तपासतात आणि त्यात क्षयाचे जंतू शोधतात. आपण इथे बोलतोय ते तोंडात आपोआप साठणाऱ्या लाळेबद्दल. खोकायचं नाही, खाकरायचं नाही. एका तपासणीचा दुसरीशी काही संबंध नाही. नमुना घेताना मी हे प्रत्येकाला सांगते, तरी दहातले दोन-तीन जण डबी हातात आली की खाकरतातच, आणि तो नमुना टाकून द्यावा लागतो.

३. हिरडी सुजली की लाळेत नेमकं काय बदलतं?

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर. या खाचेतून रक्तातला द्रव अगदी थोडा थोडा सतत पाझरत असतो. खाचेच्या तोंडाशी जंतूंचा थर साचला, म्हणजे सकाळी नखाने खरवडलं तर निघणारा तो पांढरट चिकटा, की शरीर तिथे पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं. त्यांत सर्वांत पुढे न्यूट्रोफिल. सूज वाढली की पाझर वाढतो आणि त्यासोबत या पेशींनी सोडलेली प्रथिनं लाळेत उतरतात.

दात हाडात रुतवलेला नसतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तो कोलॅजेनच्या तंतूंनी हाडाला बांधलेला असतो, बाजेच्या विणीत सुंभ ताणून बसवावं तसा. न्यूट्रोफिलकडे हे तंतू कापणारं एक विकर (एन्झाइम) असतं, त्याचं नाव एमएमपी-८. कोलॅजेनच्या धाग्याची साधारण तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश अशी दोन शकलं ते करतं. वाट मोकळी करून पेशींना जंतूंपर्यंत पोचता यावं यासाठी ही सोय आहे. जंतू हटत नाहीत तेव्हा कापणं चालूच राहतं आणि वीण सैल होते. सोबत इंटरल्यूकिन-१ बीटासारखे संदेशवाहक रेणू वाढतात, ते हाड विरघळवणाऱ्या पेशींना जागं करतात. पायोरियात दात हलतो तो अशा मार्गाने. जंतू निमित्त असतात, बांधणी तोडणारी हत्यारं बरीचशी आपलीच असतात.

कोलॅजेन कापणारं पहिलं विकर सापडलं ते तोंडात नव्हे. बेडकाच्या पिलाची शेपटी मोठं होताना विरून कशी जाते, हे शोधताना १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना ते मिळालं. एमएमपी-८ त्याच कुळातलं. एका शेपटीच्या कुतूहलातून दातांच्या खुर्चीपर्यंतचा हा रस्ता निघाला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

४. इतक्या प्रथिनांमधलं भरवशाचं कोणतं?

आज सर्वांत जास्त आधार एमएमपी-८ ला आहे. त्यातही त्याच्या ‘सक्रिय’ रूपाला. हे विकर पेशीतून बाहेर पडतं तेव्हा म्यानात असतं. जंतूंची विकरं आणि सुजेतले ऑक्सिजनचे तिखट रेणू ते म्यान काढतात, मग ते कापायला लागतं. एकूण एमएमपी-८ मोजलं तर म्यानातलंही धरलं जातं. सक्रिय तेवढंच मोजलं तर आज काम चालू आहे का, हे कळतं. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात टिमो सोर्सा यांच्या गटाने यावर दीर्घकाळ काम केलं आणि खुर्चीजवळ करता येणारी पट्टीची चाचणी त्यातून पुढे आली.

त्याखालोखाल इंटरल्यूकिन-१ बीटा. २००६ मध्ये केंटकी विद्यापीठातल्या अभ्यासात पायोरियाच्या रुग्णांच्या लाळेत ही दोन्ही वाढलेली दिसली. कॅल्प्रोटेक्टिन, लॅक्टोफेरिन, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन यांचाही उपयोग होतो. लाळेतलं न दिसणारं रक्त शोधणाऱ्या चाचण्या जपानमध्ये सामूहिक तपासणीसाठी वापरल्या गेल्या आहेत. कोणतंही एकच प्रथिन सगळ्यांच्या बाबतीत पुरेसं ठरत नाही, म्हणून दोन-तीन एकत्र मोजण्याकडे अभ्यासकांचा कल आहे.

५. तपासणी कशी करतात? सुई टोचतात का?

नाही. दोन पद्धती आहेत.

प्रयोगशाळेसाठी नमुना हवा असेल तर तुम्ही ताठ बसता, मान थोडी खाली घालता, ओठ किंचित उघडे ठेवता आणि लाळ आपोआप नळीत ओघळू देता. पाच मिनिटं. पहिलं मिनिट सगळ्यांना अवघड जातं, लोक संकोचतात, नजर चुकवतात. मग लाळ यायला लागते. वर फेस, खाली पातळ थर. हिरड्या फार सुजलेल्या असतील तर त्या थराला फिकट गुलाबी झाक येते आणि रुग्ण ती स्वतःच पाहतो. दहा वेळा समजावून जे पटत नाही ते त्या झाकेने क्षणात पटतं. मग नळी बर्फात आणि पुढचं मोजमाप एलायझा या प्रथिनं मोजण्याच्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने.

खुर्चीजवळच्या चाचणीत आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, थोडं थांबायचं, मग मोजून दिलेलं शुद्ध पाणी तोंडात अर्धा मिनिट खुळखुळवून कपात टाकायचं. त्याचे काही थेंब पट्टीवर. गरोदरपणाच्या चाचणीसारख्या एक किंवा दोन रेघा उमटतात. सक्रिय एमएमपी-८ च्या चाचणीत साधारण २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही सीमा धरलेली आहे. निकाल काही मिनिटांत.

६. नमुना देण्याआधी काय पाळायचं?

आधी किमान एक तास काही खायचं-प्यायचं नाही, ब्रश करायचा नाही, माउथवॉश नाही, तंबाखू किंवा सुपारी नाही. ब्रश कशाला टाळायचा, असं विचारतात: घासताना हिरडीतून जरासं रक्त आलं तरी रक्तातली प्रथिनं लाळेत मिसळतात आणि आकडा फसवा होतो. सकाळची वेळ बरी, आणि पुन्हा तपासणी असेल तर शक्यतो त्याच वेळेला या, कारण लाळेची मात्रा दिवसभरात बदलते.

थंडावा हवाच. लाळेत प्रथिनं तोडणारी विकरं नळीतही काम करत राहतात. एका मे महिन्यात वीज गेली आणि आमचे बारा नमुने दुपारभर तसेच राहिले. दिसायला ताज्यासारखेच होते. ते बाद करून बाराही जणांना फोन करावे लागले आणि पुन्हा बोलवावं लागलं. त्यातले दोघे तालुक्याच्या गावाहून एसटीने आले होते. तेव्हापासून आम्ही बर्फाची पेटी आधी भरतो आणि रुग्णाला नंतर बोलावतो.

७. हिरड्यांत ती टोकदार सळई घालून मोजतात ते नको वाटतं. लाळेवरच भागवता येणार नाही का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. उत्तर: नाही.

त्या सळईला प्रोब म्हणतात. तिचं टोक बोथट असतं आणि अंगावर मिलिमीटरच्या खुणा असतात. प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजतात, म्हणजे २८ दातांच्या १६८. कुठल्या दाताची कुठली बाजू किती खचली, हे फक्त प्रोब आणि एक्स-रे सांगतात. लाळ सगळ्या तोंडाची एकत्र असते. तिच्यातून जागा कळत नाही.

पण प्रोबलाही एक गोष्ट कळत नाही. तो आजवर किती गेलं ते सांगतो. अजून जातंय का, ते तो आज सांगू शकत नाही, त्यासाठी काही महिन्यांनी पुन्हा मोजून फरक पाहावा लागतो. दहा वर्षांपूर्वी पायोरिया होऊन बरा झालेल्या माणसाची हिरडी उतरलेलीच राहणार, आकडे भीतीदायक दिसणार, आणि तरीही आज सगळं शांत असू शकतं. उलट पंचविशीतल्या मुलाची खाच ३ मिलिमीटरच भरते, पण आतलं कापणं सुरू झालेलं असतं. लाळेचं मोल या दुसऱ्या मुलासाठी आहे, हाड जाण्याआधी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक वर्गीकरणात आजाराच्या चार पायऱ्या आणि वेगाच्या तीन श्रेणी ठरल्या. वेग ठरवताना पुढे अशा जैविक खुणांचा आधार घेता यावा, याची सोय त्यात ठेवलेली आहे.

८. माझ्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही. मग तपासणीची गरज काय?

तुम्ही मशेरी लावता का, तंबाखू खाता किंवा ओढता का, हे मी आधी विचारते. तंबाखूमुळे हिरडीतला रक्तपुरवठा आणि सुजेचा प्रतिसाद दबतो. रक्त येत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. साठीच्या एक काकू आल्या होत्या, लहानपणापासून दिवसातून तीनदा मशेरी. ‘दात लोखंडासारखे आहेत, मशेरीनेच टिकलेत’ असं त्या म्हणाल्या. रक्ताचा थेंब नाही, लाळेतलं एमएमपी-८ सुद्धा फार वर नव्हतं. खालच्या पुढच्या दातांशी प्रोब घातला तर ७ मिलिमीटर आत गेला. तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाबतीत लाळेचा चांगला रिपोर्ट मी कधीच एकटा वाचत नाही. तुम्हीही वाचू नका.

तंबाखू नसेल आणि खरोखरच रक्त येत नसेल, तर ती चांगली खूण आहे. वर्षातून एकदा प्रोबने तपासून घ्या.

९. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण एक दाढ हलते. हे कसं?

एकाच दाताशी आजार असेल तर त्याचा पाझर सगळ्या तोंडाच्या लाळेत विरळ होतो. नदीत एका नाल्याचं गढूळ पाणी मिसळावं तसं. शिवाय दाढ इतर कारणांनीही हलते: रात्री दात खाणं, मार लागणं, मुळाशी पू होणं. हलणारा दात दाखवायलाच हवा, रिपोर्ट काहीही असो. तंबाखूचं कारण प्रश्न ८ मध्ये आलंच आहे.

१०. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण डॉक्टर म्हणतात हिरड्या ठीक आहेत. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. एमएमपी-८ न्यूट्रोफिलची खूण आहे, आणि न्यूट्रोफिल जिथे गरज असेल तिथे जातात. अर्धवट आलेल्या अक्कलदाढेभोवतीची सूज, तोंड येणं, नुकताच काढलेला दात, घसा धरणं, यांतलं काहीही आकडा वर नेऊ शकतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. तेव्हाही वरच असेल तर प्रोबने पुन्हा सगळ्या जागा मोजून घ्याव्यात, विशेषतः मागच्या दाढांच्या आतल्या बाजू, तिथे नजर पोचत नाही.

११. मला मधुमेह आहे. त्याने लाळेतले आकडे बदलतात का?

बदलतात, आणि दोन्ही बाजूंनी. साखर वाढलेली असली की हिरडीतली सूज भडकते आणि लाळेतल्या सुजेच्या खुणाही वाढतात. उलट हिरडीची सूज शरीराला इन्सुलिन नीट वापरू देत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा) सरासरी ०.४३ टक्के अंकांनी उतरलेलं दिसलं. औषधाची एक गोळी वाढवण्याइतका हा फरक काही रुग्णांत ठरू शकतो, म्हणून मी मधुमेहींना हात जोडून सांगते: साखरेच्या डॉक्टरांकडे जाता तसं हिरड्यांकडेही बघा. गोळ्या मात्र आपल्या मनाने कमी करू नका.

१२. लाळेतल्या सीआरपीवरून हृदयाचा धोका कळेल का?

नाही. सीआरपी हे शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन यकृतात तयार होतं आणि रक्तातून लाळेत अगदी थोडं उतरतं. लाळेतला आकडा रक्ताच्या आकड्याच्या जागी वापरता येत नाही, त्याची सीमाही वेगळी. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी सांगितली असेल तर ती रक्ताचीच करा.

१३. माझं तोंड कोरडं पडतं. नमुना कसा देणार, आणि आकडा खरा मानायचा का?

न चावता, आपोआप मिनिटाला सुमारे ०.३ मिलिलिटर लाळ येते. ०.१ च्या खाली गेली तर ग्रंथी मंदावल्या असं धरतात. लाळ कमी असली की तेवढंच प्रथिन दाट दिसतं आणि आकडा फुगतो. म्हणून कोरड्या तोंडाच्या माणसाचा नमुना घेताना लाळ किती वेळात किती आली हे लिहून ठेवावं लागतं. खुळखुळवण्याची पद्धत (प्रश्न ५) अशा वेळी बरी पडते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, तेव्हा गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने काहींची हिरडी फुगते, तेही त्यातूनच लक्षात येतं.

१४. सातवा महिना चालू आहे. आत्ता तपासणी करून घेऊ का?

तपासणीत धोका काहीच नाही. पण गरोदरपणात संप्रेरकांमुळे थोड्याशा साचलेल्या थरानेही हिरडी जास्त सुजते, आणि आकडा त्यामुळेही वर जाऊ शकतो. त्यावरून पायोरिया झाला असं ठरवू नका. दात स्वच्छ करून घेणं मात्र टाळू नका. गरोदर बाईने दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ नये, हा समज अजून घरोघरी आहे आणि त्याने नुकसान होतं.

१५. स्केलिंग केलं. आकडा कधी उतरेल?

स्केलिंग म्हणजे दातांवर साचलेला थर खरवडून काढणं. त्यानंतर नुसती हिरडीची सूज असेल तर लवकर. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हॅराल्ड लो यांनी बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. खोल खाचा असतील तर चार ते आठ आठवडे थांबूनच मी पुन्हा मोजते. त्याआधीचा आकडा उपचाराने झालेल्या जखमेचाही असतो.

१६. एमएमपी-८ कमी करायची गोळी असते म्हणे?

असते. टेट्रासायक्लिन गटातली औषधं जंतू मारण्यापलीकडे हे विकरही रोखतात, हे लोर्न गोलब यांच्या गटाने १९८० च्या दशकात दाखवलं. त्यातून डॉक्सिसायक्लिनची २० मिलिग्रॅमची अल्प मात्रा दिवसातून दोनदा, असा उपचार अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाला. तो स्केलिंगला जोड म्हणून, त्याच्या बदल्यात नाही. दुकानातून १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेणं हा वेगळाच प्रकार झाला. त्याने जंतू निर्ढावतात. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना हे औषध देत नाहीत.

१७. माझा एकही दात नाही, पूर्ण कवळी आहे. मला काही उपयोग?

दात नाहीत तर ती खाचही नाही, त्यामुळे पायोरियासाठी उपयोग नाही. कवळीखाली लाल चट्टे येत असतील तर डोळ्यांनी तपासूनच कळतं. इम्प्लांट बसवले असतील तर गोष्ट वेगळी: त्यांच्याभोवतीही खाच असते, सूज येते, हाड जातं, आणि तिथल्या द्रवातलं सक्रिय एमएमपी-८ मोजता येतं.

१८. ही तपासणी आमच्या गावात होईल का? ऑनलाइन मागवू का?

आपल्याकडे ती अजून नित्याच्या तपासण्यांत नाही. बहुतेक काम दंत महाविद्यालयांत संशोधन म्हणून चालतं. ऑनलाइन मागवलेली पट्टी उन्हात किती दिवस फिरली, हे तुम्हाला कळणार नाही. त्या पैशांत प्रोबने नीट तपासणी आणि स्केलिंग करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार गंभीर पायोरियाचे रुग्ण जगात एक अब्जाहून अधिक आहेत. त्यातल्या बहुतेकांना आज पट्टीपेक्षा या दोन गोष्टी मिळायला हव्यात.

१९. संशोधनासाठी लाळ दिली. त्यातून माझा डीएनए कोणी काढला तर?

रास्त प्रश्न आहे. लाळेत गालाच्या आतल्या कातडीच्या आणि पांढऱ्या पेशी असतात, त्यामुळे डीएनए असतोच. म्हणून संमतिपत्रात नमुना कशासाठी वापरणार, किती काळ ठेवणार, जनुकीय तपासणी होणार का, हे लिहिलेलं असायला हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. मन बदललं तर अभ्यासातून कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचा उपचार अडत नाही. आमच्याकडे अशी एक ताई आली होती. तिचं पुढचं स्केलिंग ठरलेल्या दिवशीच झालं, आणि तिची नळी आम्ही तिच्यासमोर काढून नष्ट केली.